परतीचं भाडं आधी

गटाच्या बैठकीला जमलेल्या, दळण निवडता निवडता ऐकणाऱ्या आणि गोठ्यात रेडिओ टांगून धार काढणाऱ्या सगळ्याजणींना आमचा रामराम.

आज आम्ही आमच्या एका कामाविषयी बोलणार आहोत. ऐकून आधी हसाल. आम्ही मॉडेल आहोत. हसलात ना? आमच्या घरीही हसले होते. मॉडेल म्हटलं की टीव्हीवर साबण दाखवणारी नाहीतर उंच टाचांवर चालणारी पोरगी डोळ्यांसमोर येते. आम्ही सातजणी आहोत, आणि पन्नाशीच्या आतल्या त्यात दोघीच.

आमचं काम वेगळं आहे. चित्रकलेच्या कॉलेजात मुलं माणसाचं चित्र काढायला शिकतात. त्याला व्यक्तिचित्र म्हणतात. मडकं समोर ठेवून मडकं काढायला शिकायचं, तसं माणूस काढायला शिकायचं तर समोर माणूस बसावा लागतो. हलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बसायचं. जो बसतो तो मॉडेल. नऊवारी नेसलेली, कपाळाला मोठं कुंकू लावणारी, उन्हानं रापलेली बाई समोर असली की मुलांना शिकायला पुष्कळ मिळतं, असं मास्तर सांगतात. सुरकुत्या तर त्यांना फारच आवडतात. आपण ज्या लपवतो, त्या ही पोरं डोळे बारीक करून एकेक मोजतात.

तुम्ही एक चित्र नक्की पाहिलं असेल. कुणाच्या तरी घरात, कॅलेंडरवर किंवा दुकानात. अंधारात एक बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. ज्योतीसमोर तिनं दुसरा हात धरलाय आणि बोटांतून लालसर उजेड दिसतो. सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचं ते चित्र. ‘ग्लो ऑफ होप’ या नावानं ते ओळखलं जातं आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते जलरंगात काढलंय. समोर कोण उभं होतं? त्यांचीच मुलगी, गीता. ती हातात दिवा धरून ताटकळत उभी राहिली, म्हणून ते चित्र झालं.

पण एक फरक आहे. ती वडिलांसमोर उभी होती. तिला परतीच्या गाडीची काळजी नव्हती. आम्हाला परगावी, अनोळखी माणसांत जाऊन बसायचं असतं. म्हणून आज बसायचं कसं यापेक्षा जायचं कसं आणि परत यायचं कसं, हे जास्त सांगणार आहोत.

सुरुवात अशी झाली. आमच्यातल्या एकीचा भाचा कोल्हापुरात चित्रकला शिकत होता. अबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर यांचं गाव ते, कलापूरच म्हणतात त्याला. भाच्यानं मावशीला एक दिवस बसवलं. मास्तरांना बैठक आवडली, त्यांनी विचारलं, “आणखी कुणी येईल का?” मावशी आली ती आम्हाला सांगत, “बया, दिवसभर बसायचे पैसे देतात!” खुरपणीनं कंबर मोडलेल्या आम्हाला ते खरंच वाटेना. पण एकेक करत आम्ही जाऊ लागलो. मग दुसऱ्या शहरातून फोन आला, मग तिसऱ्या. आम्हाला वाटलं, आता काय, गंगाच आली.

पहिली मोठी फेरी आम्ही चौघींनी काढली, ती नुसत्या उत्साहावर. ठरवलं काहीच नव्हतं. पहिल्या ठिकाणी पोचलो तर कॉलेजचं स्नेहसंमेलन चाललेलं. वर्ग बंद. पोरं नाचत होती आणि आम्ही पिशव्या घेऊन फाटकात उभ्या. दुसऱ्या ठिकाणी दीड दिवस काम मिळालं, पैसे “महिनाअखेरीला खात्यावर टाकू” म्हणाले. तिसरं ठिकाण एक खासगी वर्ग होता. फोनवर त्या माणसानं व्यक्तिचित्र म्हणून सांगितलं होतं. तिथं गेल्यावर सूर बदलला. आधी म्हणाला, डोक्यावरचा पदर खाली घ्या. घेतला. मग म्हणाला, पदर खांद्यावरूनही काढा, चित्राला बरं दिसतं. मग म्हणाला, इतक्या लांबून आलाय, पैसे नकोत का?

मैत्रिणींनो, इथं जरा थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगू. शरीराचा अभ्यास करायला चित्रकलेच्या शिक्षणात कपड्यांशिवायही मॉडेल बसवतात. कितीतरी बायांनी त्यावर घरं चालवली, मुलं शिकवली. २०१८ साली त्यावर ‘न्यूड’ नावाचा मराठी चित्रपटही आला. ते काम आम्ही करत नाही, पण करणाऱ्या बाईला आम्ही हलकं समजत नाही. जी ते काम करते, ती आधी ठरवून, स्वतःच्या मर्जीनं करते. आमचं भांडण कपड्यांशी नाही. ठरलं एक आणि दाराला कडी लागल्यावर मागितलं दुसरं, याच्याशी आहे.

त्या दिवशी आक्का उठल्या. म्हणाल्या, “चला गं.” आम्ही निघालो. त्यानं अर्ध्या दिवसाचेही पैसे दिले नाहीत. संध्याकाळी स्टँडवर येऊन चौघींनी पिशव्या झाडल्या, तर मिळून निघाले ३१० रुपये. गावापर्यंतचं भाडं त्यात बसत नव्हतं. त्या दिवसाच्या मजुरीवरच आम्ही परतीचं गणित घातलं होतं.

खरं सांगतो, त्या बाकड्यावर बसल्यावर आमच्यातली एक हळूच म्हणाली, “थोडं ऐकलं असतं तर?” कुणीच तिला रागावलं नाही, कारण प्रत्येकीच्या मनात ते येऊन गेलं होतं. खिसा रिकामा असला की मन असं वाकतं.

शेवटी गटाच्या सचिवबाईंना फोन लावला. त्यांनी स्टँडवरच्या चहावाल्या दादांच्या फोनवर पैसे टाकले, दादांनी रोख काढून आमच्या हातात दिले आणि वर चहा पाजला. पहाटे घरी पोचलो.

त्या आठवड्यात गटाच्या वहीत आम्ही पहिला नियम लिहिला. परतीचं भाडं आधी. घरातून निघताना प्रत्येकीकडे परत येण्याचे पैसे वेगळे, कमरेच्या पिशवीत, रोख. त्यातून चहा नाही, बांगड्या नाहीत, नातवाला खाऊ नाही. ते पैसे गट बिनव्याजी उचल म्हणून देतो आणि फेरीवरून आलो की पहिल्यांदा ते परत करायचे. बाईला ‘नाही’ म्हणायचं बळ कुठून येतं, असं कुणी विचारलं तर आम्ही ती कमरेची पिशवी दाखवतो. परतीचं भाडं जवळ असलं की माणूस कुठूनही उठून येऊ शकतो.

आता फेरी कशी आखतो ते सांगतो. वही-पेन असेल तर जवळ घ्या.

पहिलं काम कालनिर्णय भिंतीवरून खाली काढायचं. आपली शेतीची कामं आधी मांडायची: पेरणी, खुरपणी, सुगी, घरचं लग्नकार्य, पोरांच्या परीक्षा. मग कॉलेजला फोन करून त्यांच्या सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन, वार्षिक प्रदर्शन विचारायचं आणि तेही त्याच पानावर लिहायचं. जे दिवस दोन्हीकडे मोकळे, ते आपले. आम्हाला दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस सोयीचे पडतात. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन करायचा. फाटकात उभं राहून नाच बघण्यापेक्षा फोनचे दोन रुपये परवडतात.

दुसरं, गावं ओळीनं घ्यायची. आज सांगली, उद्या पुणे, परवा पुन्हा कोल्हापूर असं केलं तर सगळी कमाई एसटीच्या गल्ल्यात जाते. एका बाजूनं जायचं, वाटेतली कामं करायची आणि परत फिरायचं. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीला बायांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांवरच्यांना तर तिकीटच नाही. आधार कार्ड जवळ ठेवा. पण गाडी बेळगावला किंवा पणजीला जात असेल, तर राज्याच्या हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं. ते हिशोबात धरा.

तिसरं, फोनवर पाच गोष्टी विचारायच्या आणि त्यांची उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून मागायची. एक, तारीख आणि वेळ कोणती? दोन, काय नेसून बसायचं आणि बैठक कशी? तीन, विश्रांती किती? चार, पैसे किती, कधी, कसे, आणि भाडं कोण देणार? आयत्या वेळी काम रद्द झालं तर काय देणार? पाच, फोटो काढणार का, आणि काढलाच तर तो कुठं जाणार? लाजायचं नाही. लग्नाच्या याद्या करताना आपण पानसुपारीसुद्धा लिहितो की नाही? मग इथं का नको? जो माणूस बोलतो भरभरून, पण लिहून द्यायला कां कूं करतो, त्याच्याकडे आम्ही जात नाही.

चौथं, एकटीनं जायचं नाही. कमीत कमी दोघी. एक बसते, दुसरी त्याच खोलीत असते. मुक्काम कुठं आहे ते सचिवबाईंना माहीत असतं. रोज रात्री आठला एक फोन करायचा. फोन आला नाही तर त्या करतात. कपडे बदलायची खोली आधी बघून घ्यायची, आतून कडी आहे का ते पाहायचं आणि मोबाईल कुठं लपवून ठेवलेला नाही ना, तेही बघायचं. चोरून असा फोटो घेणं गुन्हा आहे.

पाचवं, बसण्याविषयी. नुसतं बसायला काय लागतं, असं वाटतं ना? एकदा भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत पंचवीस मिनिटं बसून बघा. नाक नेमकं तेव्हाच खाजतं. पहिल्या पाच मिनिटांत सोपी वाटणारी बैठक विसाव्या मिनिटाला जड होते. म्हणून हात उचललेली किंवा मान फार वळवलेली बैठक लगेच कबूल करू नका. आम्ही पंचवीस मिनिटं बसतो, पाच मिनिटं उठतो. पाऊल कुठं होतं तिथं खडूनं खूण करून घेतो, म्हणजे पुन्हा तसंच बसता येतं. पायाला मुंग्या आल्या तर झटकन उठायचं नाही, पडायला होतं. उपाशी बसू नका, भरपेट जेवूनही बसू नका. चित्र तीन दिवस चालणार असेल तर तीनही दिवस तेच लुगडं, तीच चोळी, तसाच अंबाडा लागतो. रंग बदलला की पोरांची तारांबळ उडते.

सहावं, हिशोब. इथं आम्ही फसलो होतो, म्हणून आकड्यांतच सांगतो. एका फेरीला आम्ही तिघी पाच दिवस बाहेर होतो. काम मिळालं चार दिवस, दर दिवसाला प्रत्येकी ७०० रुपये. म्हणजे ८,४०० आले. किती बरं वाटलं! मग खर्च मांडला. गाडीभाडं १,२६०, मुक्काम ९००, जेवण-चहा १,३२०, फोन १२०. एकूण ३,६००. उरले ४,८००, म्हणजे प्रत्येकीला १,६००. पाच दिवसांनी भागा. दिवसाला ३२० रुपये. खुरपणीला आमच्याकडे ३०० मिळतात. घरदार सोडून, रात्री बाहेर काढून, आम्ही दिवसाला वीस रुपये जादा कमावले होते!

पुढच्या वेळी दोनच गोष्टी बदलल्या. पाचवा दिवस रिकामा जाऊ दिला नाही आणि गाडीभाडं कॉलेजकडून आधी ठरवून घेतलं. बाकी खर्च तोच. प्रत्येकीच्या हातात २,७२० रुपये आले, म्हणजे दिवसाला ५४४. दर वाढवला नव्हता. नुसतं नीट ठरवलं होतं. म्हणून सांगतो, घरी आल्यावर मिळालेले पैसे मोजू नका, उरलेले मोजा, आणि गेलेल्या सगळ्या दिवसांनी भागा. प्रवासाचा दिवसही आपलाच दिवस असतो.

पैसे फोनवर घेत असाल तर एक ध्यानात ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कुणी “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणालं तर तो लुबाडतोय. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्जही भरून टाका. १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघाती विमा मिळतो. प्रवास करणाऱ्या बाईनं तो टाळू नये.

सातवं, तक्रार. त्या खासगी वर्गातल्या माणसावर आम्ही तक्रार केली नाही. करता येते हेच माहीत नव्हतं. कामाच्या जागी बाईचा छळ होऊ नये म्हणून २०१३ साली कायदा झाला आहे. तो कायम नोकरीतल्या बाईसाठी आहे, तसाच रोजंदारीवर एका दिवसासाठी गेलेल्या बाईसाठीही आहे. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असावीच लागते आणि तिची अध्यक्ष बाईच असते. जिथं दहापेक्षा कमी माणसं असतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असते, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. आम्हाला हे कळलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. तो माणूस आजही कुणाला तरी बोलावत असेल, ही गोष्ट आम्हाला टोचते. तुम्हाला तरी वेळेत माहीत असावं, म्हणून आज हे सांगतोय. अडचणीत ११२ लावा. महिला हेल्पलाईनचा नंबर १८१. दोन्ही पाठ करा, मोबाईलची बॅटरी केव्हा जाईल सांगता येत नाही.

आता शेवटची गोष्ट, गावातली.

एकदा एका विद्यार्थ्यानं आमच्यातल्या वहिनींचं चित्र काढतानाचा व्हिडिओ केला, त्याला गाणं लावलं आणि इंटरनेटवर टाकला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण तो फिरत फिरत गावात आला. पारावर चर्चा सुरू झाली. ‘मॉडेल’ शब्द ऐकून लोकांनी जे जोडायचं ते जोडलं. वहिनींच्या सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी म्हणाल्या, “उंबरा ओलांडायचा नाही.”

फोटो कुठं जाणार हे आम्ही लिहून घेतलं होतं. तो निरोप आम्ही मास्तरांना दाखवला. व्हिडिओ त्याच संध्याकाळी निघाला. पण गावाच्या डोक्यातून निघायला हवा होता. आम्ही मास्तरांना विचारलं, चित्रं गावात दाखवता येतील का? ते पोरांना घेऊन आले. मंदिराच्या सभामंडपात दोऱ्या बांधून बारा चित्रं लावली. सारं गाव लोटलं. वहिनींच्या चित्रासमोर सासूबाई किती तरी वेळ उभ्या होत्या. आम्ही लांबून बघत होतो. मग त्या मास्तरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “माझं काढाल का?”

पोरांनी तिथंच सतरंजी टाकली आणि त्यांना बसवलं. शहात्तर वर्षांच्या त्या, जरा हलल्या नाहीत. आता फेरीला त्या आमच्याबरोबर असतात. त्यांचं तिकीट लागत नाही आणि मागणी सगळ्यांत त्यांनाच जास्त! त्यांना सलग पंचवीस मिनिटं नाही, पंधराच बसवायचं, हेही आम्ही लिहून घेतो. आणि कमरेची पिशवी? ती सगळ्यांत आधी त्याच तपासतात. निघताना दारात उभ्या राहून विचारतात, “परतीचं घेतलंत का गं?”

मैत्रिणींनो, तुम्ही कदाचित कधी चित्रासाठी बसणार नाही. पण चटण्या-पापड घेऊन प्रदर्शनाला जाल, लग्नात पोळ्या लाटायला परगावी जाल, द्राक्षाच्या छाटणीला टोळीनं जाल. काम कोणतंही असो, दर नंतर विचारा, मुक्काम नंतर ठरवा. पहिल्यांदा परत येण्याचे पैसे बाजूला काढा. मग जा बिनधास्त.

येत्या बैठकीत तुमच्या गटाच्या वहीत एक पान यासाठी ठेवा. त्यावर काय लिहिलंत ते रेडिओवर कळवा, आम्ही ऐकतोय.

रामराम.